हलणारा माल

कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी डिस्पॅचचे फोटो येतात. महिन्यापूर्वी त्या फोटोंमध्येच एक ओळ आली, 'सोपानमामा गेले.' मला वाटलं, शिफ्ट संपवून घरी गेले असतील... मग खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी निगडीच्या थांब्यावर नुसती उभी राहिले आणि समोरून कंपनीची बस निघून गेली.

मामा आमच्या चाकणच्या लाकडी पेट्यांच्या कारखान्यातले सर्वांत जुने सुतार. राहायला पुनावळ्यात. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी रंधा खाली ठेवून घरी बसले नाहीत. मी ड्रॉइंग तपासणारी, म्हणजे त्यांच्या मते कागदी सुतार. आमच्या पेट्यांतून इंजिनं, गिअरबॉक्स असं काय काय परदेशी जातं. धंद्याचा नियम एकच, माल हलता कामा नये. पहिल्याच दिवशी तो मला मामांनीच घोकवून घेतला होता.

मी नवीनच होते, नोकरी पक्की व्हायची होती, तेव्हा एक वेगळी ऑर्डर आली. परदेशातल्या परदेशातच, एका देशातून दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत, माकडं विमानानं जाणार होती. त्यांच्या पेट्या आम्ही करून पाठवायच्या होत्या. आलेल्या ड्रॉइंगमध्ये आत बरीच मोकळी जागा दिसली. गिऱ्हाइकाची चूक समजून मी ती कमी केली, वर शहाणपणानं त्यावर त्यांची सहीही मागवली. त्यांनी न बघता करून दिली.

नमुना तयार झाला तेव्हा मामा त्याच्यापुढं मांडी घालून बसले.

"ताई, ह्यात त्ये हलनार कसं?"

"मामा, हलायचं नाहीच ना!"

"अगं, ह्यो माल न्हाई, जीव हाय. त्याला वळाया नको? अंग खाजवाया नको?"

मॅनेजर म्हणाले, लाकूड कापून झालंय, गिऱ्हाइकाची सहीही आहे. मामांनी हातोडी खाली ठेवली.

"माकडाची हाय का सही?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत आणि त्यांनी हातोडीही उचलली नाही. शेवटी मीच गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं, चूक माझी आहे. नोकरी गेली असंच धरून चालले होते. नोकरी राहिली. पेट्या मूळ मापानं झाल्या. प्रत्येक पेटीत मामांनी उघडा तळहात फिरवला, कुठं लाकडाची कूस लागते का, खिळ्याचं टोक लागतं का ते बघायला.

ट्रक भरताना त्यांनी विचारलं, "ह्या पेट्या माघारी येनार का?"

"नाही मामा. एकेरी आहेत."

त्यांच्या हातातला चहा तसाच निवला. आपल्या हातात होतं तेवढं केलं, असं मी स्वतःला अजून सांगते. मामांनी मात्र तसं कधी म्हटलं नाही.

तो चुकलेला नमुना त्यांनी फोडू दिला नाही. बाकाखाली ठेवून त्यात हत्यारं भरली. 'ताईंची पेटी' म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मी चिडायचे, त्यांना तेच हवं असायचं.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी हत्यारं न्यायला आली. पेटी तेवढी मी मागून घेतली. ती गेल्यावर रिकाम्या पेटीत हात घातला. कोपर वाकवायलाही जागा नव्हती. मी तळहात सगळीकडून फिरवला, कोपऱ्यांतूनसुद्धा... कुठं एक कूस लागली नाही. ज्या पेटीतून कुणीच जाणार नव्हतं, तीही मामांनी आतून घासून ठेवली होती.