कानवाल्या काकांची फुली

आमचे कानवाले काका भिंतीला कान लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. किहीमच्या बंगल्यांत एसीचं पाणी कुठे मुरतंय ते शोधताना बोटाच्या पेराने ठोकत पुढे सरकायचे, मध्येच थांबायचे आणि कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर फुली मारायचे. तिथेच फोडायचं. बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, फुली चुकलेली पाहिली नाही. बंगलेवाले मात्र हसायचे. पेन्सिलीच्या फुलीवर भिंत फोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

म्हणून मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. लांब वायरीच्या टोकाला बारीक डोळा. एसीच्या जाळीतून हवेच्या डक्टमध्ये सोडा नाहीतर भोक पाडून भिंतीच्या पोकळीत. वाटलं, काका रुसतील. ते उलट हरखले. मोबाइलवर एकेक दाखवू लागलो तर म्हणाले, "पडदा काय बगतोस? शिनेमा बगायचा हाय का? वायर बग. वाकवली तशी ऱ्हायली पायजे. न्हायतर आत गेल्यावर ती तिच्या मनानं जाईल, तुज्या न्हाय." दिवा कमीजास्त करता यायला हवा, हेही त्यांनीच बजावलं. "लय उजेड पडला का सुकं पन ओलं दिसतं."

मी मोठ्या पडद्याचा घेतला. वायर मऊ, दिवा एकच आणि भगभगीत. मालकांवर छाप पडावी एवढीच अक्कल तेव्हा होती.

एका बंगल्यात हॉलच्या भिंतीला ओल आली होती. मालकीणबाई मुंबईत. काकांनी ठोकून ठोकून खिडकीशेजारी फुली मारली. मी जाळी काढून कॅमेरा सोडला. वायर डक्टच्या बाहेरून घरंगळत भलतीकडेच, बेडरूमच्या फॉल्स सीलिंगवर गेली आणि पडदा लखलखला.

"पाणी!" मी ओरडलो.

"पानी न्हाय रं. डक्टवरचा चंदेरी कागद हाय तो."

मी ऐकलं नाही. शिवाय ओल्या फडक्याने त्यांची फुली पुसून टाकली, का ते आजही सांगता येत नाही. मग बेडरूमचं सगळं छत उतरवलं. आत कोरडी ठणठणीत धूळ.

शनिवारी बाई आल्या, उघडं छत बघून भडकल्या. "इथे फोडायला कोणी सांगितलं?"

"काकांनी," मी म्हणालो.

काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. बाईंनी त्यांना पुन्हा गेटच्या आत यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या बंगल्यांत पसरली. काकांना कुणी कामाला बोलावेना. महिन्याभराने ते माणगावला लेकीकडे निघून गेले.

हॉलच्या भिंतीवरची फुली पुसलेली जागा मला पाठ होती. तिथे फोडलं तर एसीच्या नळीचा सांधा सुटलेला. कॅमेऱ्यानेच शोधलं असं समजून बाईंनी त्याचं कौतुक केलं. मी निर्लज्जासारखी मान डोलावली.

मागच्या महिन्यात नवा कॅमेरा घेतला, काकांनी सांगितला होता तसा. तो दाखवायला माणगावला गेलो. त्यांनी वायर वाकवली, ती तशीच राहिली. दिवा मंद करून बघितला. "ही बरी," म्हणाले. लेकीने चहा आणून ठेवला.

"त्या बाईला खरं सांगितलंस?"

"नाही, काका."

त्यांनी वायर नीट गुंडाळून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले. त्यांचा कप तसाच निवत राहिला. त्या बंगल्याचं काम अजून माझ्याकडेच आहे.