रंगाच्या डब्यातली भाजी

इमारतीतले सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत, पण शेवटची पाटी रंगवून त्यांना नऊ वर्षं झाली होती. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चपलांची दुकानं, घड्याळजी, दातांचे दवाखाने, एकदा तर एका शाळेची अख्खी भिंत. अक्षरांच्या कडा ते आखायचे आणि आतला रंग बायको भरायची. तिचा हात असा स्थिर, की ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "मी नुसती हाडं काढतो, मांस ही चढवते." मग छापील फलक आले. यांना चार दिवस लागायचे ते काम यंत्र तासाभरात करायला लागलं. धंदा बसला, आणि तीन वर्षांनी बायकोही गेली. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काका उरले, आणि गच्चीच्या जिन्याखालच्या कोठडीत रंगाचे सत्तेचाळीस रिकामे डबे.

बायको असेपर्यंत भाजी तीच आणायची. ती गेल्यावर काका पहिल्यांदा बाजारात गेले आणि भाजीवालीला म्हणाले, "एक वांगं द्या."

"एकच?" ती हसली. "एका वांग्यासाठी तराजू कुठे उचलू? असंच घेऊन जा, काका."

हसली ती चांगल्या मनानंच, पण काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फुकटचं वांगं पिशवीत टाकून ते घरी आले ते थेट खुर्चीत बसले. पुढच्या खेपेपासून ते निमूटपणे अर्धा किलो घ्यायला लागले आणि चार दिवस तीच भाजी खायला लागले. पाचव्या दिवशी उरलेली टाकून द्यायचे.

असाच एकदा एक टोमॅटो टोपलीत मऊ पडला. टाकवेना. टाकी बघायला गच्चीवर जायचं होतं, जाताना काकांनी कोठडीतला एक डबा घेतला, कोपऱ्यातल्या पडीक कुंडीतली माती त्यात ओतली आणि टोमॅटो वरून दाबून टाकला. दोन आठवड्यांनी बघतात तर डब्यात रोपांची जत्रा. एवढीशी, केसाळ, एकमेकांना ढकलत उभी. काका गुडघ्यावर बसले आणि कितीतरी महिन्यांनी स्वतःशी मोठ्यानं बोलले. "अरे, तुम्ही सगळे कुठून आलात?"

तिथून त्यांना वेडच लागलं. डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. माती शहराबाहेरच्या रोपवाटिकेतून आणली, ती पाच मजले चढवायची म्हणजे काही खायचं काम नव्हे. लिफ्ट नव्हती. एका वेळी अर्धी गोणी, प्रत्येक मजल्यावर एक विसावा. घरातल्या साली, देठं, चहाचा चोथा एका पिंपात कुजवून त्याचं खत केलं. दोन वर्षांत सगळे सत्तेचाळीस डबे भरले. पालक, मुळा, टोमॅटो, वांगी, कांद्याची पात, मिरच्या. उन्हाच्या हिशेबानं डबे सरकवायचे, पहाटे पाणी घालायचं, अळ्या बोटांनी वेचायच्या. फवारणीचं नाव नाही. कुणी जिन्यात भेटलं की काकांचं वाक्य ठरलेलं: "माझ्या भाजीला औषधाचा थेंब लागलेला नाही हं." कित्येकदा अख्ख्या दिवसात त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं हे एकच वाक्य असायचं.

एका माणसाचं पोट केवढं! भाजी उरायला लागली. मग काका कागदी पिशव्या भरून दारांच्या कड्यांना अडकवून यायला लागले. तळमजल्यावर शिंपी, पहिल्या मजल्यावर मोटार शिकवणारा एकटा गृहस्थ, दुसऱ्यावर सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून, तिसऱ्यावर दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. बेल ते वाजवत नसत. लोकांना उगाच दार उघडायला नको. पण पिशवी अडकवून झाल्यावर ते तिथे जरा रेंगाळायचे, हेही खरं. जिन्यात गाठ पडली की सगळे म्हणायचे, "वा काका, काय भाजी होती!" तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

चौथा मजला वर्षभर रिकामा होता. तिथे एक बाई राहायला आल्या. पन्नाशीच्या, एकट्या, पाणी आणि माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आल्या आल्या त्यांच्या दारालाही पिशवी लागली. दुसऱ्याच दिवशी त्या पिशवी घेऊन गच्चीवर आल्या. आजवर आपणहोऊन गच्चीवर आलेलं पहिलं माणूस! काकांना इतका आनंद झाला, की हात पुसायचंही सुचलं नाही.

बाईंनी सगळीकडे फिरून बघितलं. खत हातात घेऊन वास घेतला. मग एका डब्यापाशी त्या वाकल्या. डब्याच्या आतल्या कडेला वाळलेल्या पिवळ्या रंगाचे पापुद्रे होते.

"काका, हे डबे कशाचे?"

"माझेच. पाट्यांच्या रंगाचे. तैलरंग, अस्सल. आताच्या रंगांत तो दम नाही."

"किती जुने?"

"असतील की वीस-पंचवीस वर्षांचे."

बाईंनी एक पापुद्रा नखानं खरवडून बघितला. मग त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. "जुन्या रंगांत शिसं असायचं, काका. पिवळ्या आणि केशरी रंगांत तर फारच. ते मातीत उतरतं. पालेभाज्या आणि मुळे ते ओढून घेतात. आहेच असं मी म्हणत नाही, पण तपासायला हवं. तोवर यातलं काही खाऊ नका आणि कुणाला देऊ नका."

"पण मी औषधाचा थेंबसुद्धा..."

"तुम्ही घातला नाहीत हो. डब्यातच होता."

दहा दिवसांनी बाई कागद घेऊन वर आल्या. बरेच डबे ठीक होते. पण पिवळ्या, केशरी आणि लाल रंगाच्या चौदा डब्यांतल्या मातीत शिसं मर्यादेच्या कितीतरी वर होतं. त्या चौदांतल्या नऊ डब्यांत पालक आणि मुळा होता. काका कागद बघत राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना होता.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. "हवं तर मी येते बरोबर."

"नको. पिशव्या मी अडकवल्या, सांगायलाही मीच जातो."

त्याच संध्याकाळी काका धुतलेला सदरा घालून निघाले. त्यांनी सुरुवात तळापासून केली, पण दुसरा मजला शेवटी ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी या दारांची बेल वाजवली.

शिंप्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "पेंटर, आता तुम्ही खरं बोललात तर मीही बोलतो. आमच्याकडे पालक कुणाला चालत नाही. हिच्या बहिणीकडे ससे आहेत, त्यांना जायचा."

"सगळा?"

"सगळा. ससे ठणठणीत आहेत, काळजी करू नका."

मोटार शिकवणाऱ्यानं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि मान खाली घातली. तो दोन्ही वेळा बाहेरच जेवायचा. घरात गॅससुद्धा नव्हता. "तुम्ही एवढे मजले उतरून आणून देता, नको म्हणायला जीभ रेटली नाही. पिशव्या तशाच टाकून द्यायचो."

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांची बायको दारातच उभी राहून म्हणाली, "आम्ही सगळं सेंद्रिय दुकानातूनच आणतो हो. शिक्का असतो त्यावर. गच्चीवर कबुतरं बसतात, म्हणून तुमची... म्हणजे आम्ही कधी वापरली नाही. वाईट नका वाटून घेऊ."

काका जिन्यात थांबले. वाईट वाटावं की सुटल्यासारखं वाटावं, त्यांना कळेना. चार वर्षं अळ्या वेचल्या, गोण्या चढवल्या, "वा काका" ऐकलं, आणि भाजी गेली सशांच्या पोटात आणि कचऱ्याच्या डब्यात. देवाची कृपाच म्हणायची, पण अशी कृपा कुणाला सोसवते? त्यांनी कठड्याला हात टेकला, दोन श्वास घेतले आणि ते एक मजला उतरून दुसऱ्यावर आले.

दार सुनेनंच उघडलं. "या ना काका! पिशवी कुठेय? मुळ्याची वाटच बघत होते. कच्चाच खाते मी, मीठ लावून. सध्या दुसरं काही तोंडाला चवच देत नाही."

म्हणजे त्यांची भाजी खरोखर खाणारं, मनापासून खाणारं, इमारतीत एकच माणूस होतं. आणि ते हे होतं.

काकांनी सांगितलं. शब्द अडकत होते, तरी काही लपवलं नाही. सुनेचा हात पोटावर गेला. आतून सासूबाई आल्या, त्यांनी अर्धंच ऐकलं आणि त्यांचा तोल गेला. "विष घातलंत तुम्ही आमच्या घरात! कुणी मागितली होती तुमची भाजी? काम नाही धंदा नाही, म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर उठायचं?"

"आई, त्यांना माहीत नव्हतं," सून म्हणाली.

"म्हातारं झालं तरी माणसाला अक्कल नको?"

काका ऐकत उभे राहिले. शेवटी ते एवढंच म्हणाले, "रक्त तपासून घ्या, बाळ. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलंय कुठे होतं ते." दार लागलं.

पुढचे सहा दिवस काकांनी काढले ते त्यांचे त्यांना ठाऊक. बाईंच्या आग्रहानं त्यांनी स्वतःचंही रक्त दिलं. सातव्या दिवशी सुनेचा नवरा वर आला, दारातूनच म्हणाला, "तिचं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही," आणि वळला. काका भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

शिसं निघालं ते काकांच्याच रक्तात. फार नाही, पण होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कामाची चौकशी केली. काकांनी ब्रशला टोक कसं काढायचं ते दाखवलं. ओठांत धरून, हलकेच ओढून. चाळीस वर्षं, दिवसातून शंभरदा.

"मग भाजीला कशाला दोष देता?" डॉक्टर म्हणाले.

बायकोही तसंच टोक काढायची. पण ते काका बोलले नाहीत.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती घाबरली, म्हणून चिडली. "बाबा, कुणी सांगितलेत तुम्हाला नसते उद्योग? बंद करा ते सगळं. नाहीतर इकडे या राहायला."

"येईन," काका म्हणाले. दोघांनाही माहीत होतं, ते जाणार नाहीत आणि तिच्या घरात तेवढी जागाही नाही.

सगळे सत्तेचाळीस डबे त्यांनी रिकामे केले, चांगलेसुद्धा. घातक कचरा घेणारं ठिकाण बाईंनी शोधून दिलं होतं. माती गोण्यांत भरून, तोंड बांधून, काकांनी ती पाच मजले उतरवली. मोटार शिकवणाऱ्यानं त्यांना जिन्यात बघितलं, गोणीचं दुसरं टोक धरलं आणि शेवटी सगळा माल आपल्या गाडीतून पोचवला. गच्ची मोकळी झाली. फरशीवर डब्यांचे गोल डाग तेवढे उरले, ते घासूनही गेले नाहीत.

महिनाभर काका वर गेलेच नाहीत. खुर्चीत बसून राहायचे. मग एका सकाळी बाईंनी बेकरीतून आणलेल्या सहा पांढऱ्या बादल्या त्यांच्या दारात ठेवल्या. "लोण्याच्या आहेत. खाण्याचंच भरलेलं असतं यात. माती आणाल ती आधी मला द्या, तपासून देते."

काकांनी पुन्हा सुरुवात केली. पहिला पालक आला तेव्हा बाईंनी तोही तपासला. निर्मळ निघाला. तो कागद काकांनी जिन्याच्या तोंडाशी चिकटवला. लोक येता-जाता वाचायचे, "छान झालं हो" म्हणायचे, पण भाजी कुणी मागितली नाही. काकांनीही पिशव्या अडकवल्या नाहीत. शनिवारी बाई वर यायच्या, पानं खुडून तिथेच धुऊन खायच्या आणि प्रयोगशाळेतल्या गमती सांगायच्या. दहा महिने असे गेले. मग त्यांची बदली झाली. जाताना त्या म्हणाल्या, "पत्ता पाठवीन." पाठवलाही. काकांनी एकदा पत्र लिहिलं, त्यांचं छापील शुभेच्छापत्र आलं, आणि मग ते तिथेच थांबलं.

सुनेला मुलगी झाली होती, निरोगी, खणखणीत आवाजाची. रडली की पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू यायची आणि काका हातातलं काम थांबवून ऐकायचे. ती वर्षाची झाल्यावर एकदा जिन्यात, त्यांच्या दारासमोर गाठ पडली. सुनेनं पोरीला कडेवरून जरा पुढे केलं. "बघ, हे वरचे आजोबा." पोरीनं त्यांच्याकडे परक्यासारखं बघितलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"भाजी लावता का अजून, काका?"

"लावतो. सगळी तपासलेली आहे. पाठवू का थोडी?"

आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. "राहू दे काका," ती हळूच म्हणाली. "पुन्हा घरात विषय नको."

"बरोबर आहे," काका म्हणाले, आणि तेही त्यांनी मनापासून म्हटलं.

आता त्यांच्याकडे चारच बादल्या भरलेल्या असतात. दोन उपड्या घालून ठेवल्या आहेत, त्यांतल्या एकीवर ते बसतात. परवा मुलीनं फोनवर विचारलं, "एवढी भाजी कुणाला देता हो आता?"

"कुणाला नाही. मीच खातो."

"उरत नाही?"

"कमी लावतो. अंदाज आलाय आता," काका म्हणाले. मग, वारा सुटलाय, कोवळी रोपं झाकायला हवीत, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि जुनी चादर घेऊन ते गच्चीवर गेले.