बेडकी आणि पुलापासूनचा रस्ता

माझ्या वहिनीला हट्टी म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. म्हणोत बापडे! मी तिची नणंद. तिला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा, आणि तो मी रोज बजावते. पण बाहेरच्या कुणी तिला नावं ठेवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वहिनी वरच्या वस्तीवरचं दूध गोळा करते. तिकडे टेम्पो चढत नाही, वाट सगळी दगडांची. पूर्वी ती हातात कॅन घेऊन चालत उतरायची. मग एकदा गोठ्यात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. दादा म्हणाला, "पुरे आता, घरी बस." ती म्हणाली, "बसते की, पण सीटवर." आणि गेली ती एक गाडीच घेऊन आली. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मागे कॅन ठेवायला छोटी ट्रॉली. रानात चालवायची गाडी ती. दगडांवरून उड्या मारत यायची, म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलं बेडकी.

अडचण एकच होती. रानवाट पुलाशी संपते आणि डेअरी शाळेच्या पलीकडे. मधला तुकडा डांबरी, सगळ्यांच्या रहदारीचा. माझं किराणा दुकान त्याच तुकड्यावर, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. वर्षानुवर्षं वहिनी तो तुकडा कडेकडेने हळूच पार करायची आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मग सुट्टीच्या दिवशी शहरातून टोळकी यायला लागली, तसल्याच गाड्या घेऊन. रानात धुडगूस घालायचा तो घालायचा, वर रस्त्यावरही शर्यती. त्या जाड चाकांना डांबरावर पकड नसते, वळणावर गाडी कलंडते, पण सांगणार कोण? एक दिवस त्यांच्यातल्या एकाने शाळेसमोर शिवणवाल्या बाईंच्या मुलीला उडवलं. पोर वाचली, पण तिचा गुडघा कायमचा अधू झाला.

पालिकेने लगेच नियम केला. रानात चालवायच्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर चालवायला बंदी. पहिल्यांदा दंड, दुसऱ्यांदा दुप्पट, तिसऱ्यांदा गाडी जप्त. मी म्हटलं, चांगलं झालं, खोड मोडली मेल्यांची! आमची बेडकीही त्याच जातीची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोलीस ठाण्यातल्या साहेबांच्या मात्र बरोबर आलं. वहिनीला दोनदा पकडलं, दोनदा दंड झाला. तिसऱ्या खेपेला बेडकी जाणार होती, आणि बेडकी गेली म्हणजे वहिनीचे पाय गेले, काम गेलं, वस्तीवरच्या घरांचं दूध घरातच नासणार.

"पहाटे जा ना," मी सुचवलं. "साहेब उठायच्या आत."

"चोरून? मी काय चोरीचं दूध आणते?"

"मग गाडी विकून टाक," दादा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्याने उठून अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी लंगडत थेट ठाण्यात, आणि तिच्या मागे मी. तिने साहेबांना विचारलं, "इंजिन बंद केलं, वर कुणी बसलं नाही, आणि गाडी ढकलत नेली, तर गुन्हा होतो का?"

साहेबांनी नियम काढून वाचला, मग पुन्हा वाचला. "नाही होत. पण अहो बाई, भरल्या कॅनसकट? चढ आहे तिथे. तुमचा पाय..."

"पायाचं मी बघते. तुम्ही नियमाचं बघा."

आणि खरंच, तेव्हापासून रोज सकाळी वहिनी पुलाशी यायची, इंजिन बंद करायची, खाली उतरायची आणि बेडकीला ढकलायला लागायची. चढावर तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, वाकडा पाय थरथरायचा. मागे टेम्पो, बस, स्कूटर, सगळ्यांची ही रांग! हॉर्नने नुसतं डोकं उठायचं. एक टेम्पोवाला ओरडला, "ओ मावशी, रस्ता काय तुमच्या घरचा आहे का?" मी दुकानातून बाहेर आले आणि त्याला असं सुनावलं, की तो आजही माझ्याकडून काडेपेटीसुद्धा घेत नाही. न घेऊ दे. मग मी दुकान उघडं टाकलं आणि ट्रॉलीला हात लावला. वहिनी म्हणाली, "गल्ल्याकडे कोण बघतंय?" मी म्हटलं, "तू पुढे बघ."

रात्री मी तिच्या मांडीला तेल चोळून द्यायचे. ती दात आवळून पडून राहायची. "सोडून दे गं," मी एकदा रडतच म्हटलं. मला सहन होत नव्हतं, खरंच नव्हतं. ती म्हणाली, "सोडायचं असतं तर त्या दिवशी गोठ्यातून उठलेच नसते."

शेवटी बसवाले, टेम्पोवाले, डेअरीवाले, सगळ्यांनी पालिकेचं डोकं खाल्लं. पालिकेने लोकांना बोलावलं. कामासाठी लागणाऱ्या गाड्यांना सवलत द्यायची का, एवढाच विषय. सभागृहात बहुतेक सगळे हो म्हणाले. मग शिवणवाल्या बाई उभ्या राहिल्या. गळ्यात मापाची टेप तशीच, कामावरून उठून आल्या होत्या.

"सवलत दिली की पळवाट झाली," त्या म्हणाल्या. "उद्या ती टोळकीही कॅन लावून येतील. माझी मुलगी पायऱ्या चढताना भिंत धरते. मला कुणाचं दूध सांगू नका."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार होता, एवढ्यात वहिनीने माझा हात दाबला आणि स्वतः उठली.

"बाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मला मोकळीक नको, अटी घाला. नंबर घाला, दिवे लावायला लावा, माझी परीक्षा घ्या, माणूस चालेल तेवढ्याच वेगाने जायला सांगा. एक अट मोडली तर गाडी त्याच दिवशी घेऊन जा. पण मला माझं काम करू द्या."

बाई टेप गुंडाळत निघून गेल्या.

परवाना मिळाला, वहिनीने सांगितलेल्या सगळ्या अटींसकट. बेडकीला पुढे दिवा, मागे लाल दिवा, नंबराची पाटी. नव्या नवरीसारखी दिसत होती मेली! पहिल्या दिवशी वहिनी पुलावरून रस्त्यावर आली ती चालवत. मी दुकानाच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मागची बसही गुमान चालली होती.

शाळेच्या अलीकडे बेडकी थांबली. इंजिन बंद. वहिनी खाली उतरली आणि ढकलायला लागली.

मी धावतच गेले. "वेड लागलंय का तुला? परवाना आहे ना!"

"आहे," ती म्हणाली. "शाळा भरायची वेळ आहे. इथून ढकलतच नेणार."

मी कपाळाला हात लावला. मग निमूटपणे ट्रॉलीला लावला. दुसरं करणार काय? चढ तिथेच सर्वांत जास्त. आम्ही दोघी धापा टाकत होतो. फाटकाशी शिवणवाल्या बाई मुलीचा हात धरून उभ्या होत्या, आणि त्यांची नजर वहिनीच्या थरथरणाऱ्या पायावर होती. किती तरी वेळ.

मग त्यांनी मुलीला फाटकाच्या आत उभं केलं आणि त्या रस्त्यावर आल्या. बाकीची पोरं धावत येत होती, त्यांना दोन्ही हात पसरून अडवलं.

"बसा तुम्ही गाडीवर," त्या वहिनीला म्हणाल्या. आवाज अजून कडकच होता. "पोरांना मी धरते. सावकाश घ्या."

वहिनी बसली. माझी वहिनी, जी हाड मोडलं तेव्हाही रडली नव्हती, ती डोळे पुसत शाळेसमोरून सावकाश गेली. बाई रोज सकाळी त्या वेळी तिथे उभ्या असतात.