लाईट नसताना बोललेला भोंगा

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे वाक्य इथे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या ओळीत लिहितो, म्हणून मीही लिहून टाकतो. बायको विचारते, विश्वास नाही तर रात्री पाणी प्यायला उठताना घरातले सगळे दिवे कशाला लावता? ...ते खातं वेगळं. आज सांगतोय तो अनुभव भर दुपारचा, पेणच्या एसटी स्टँडवरचा, आणि चांगल्या गर्दीतला आहे.

आमचं घर रोह्याजवळ, वरशाला. वडील — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — एसटीत कंट्रोलर. नोकरीची शेवटची बरीच वर्षं पेण स्टँडवर गेली. गाडी कुठे लागली, कधी सुटणार, हे माईकवरून सांगणारा माणूस. "पेणहून नागोठणे, निडीमार्गे रोह्याला जाणारी गाडी..." यातलं 'रोह्याला' ते असं लांबवायचे, की परगावच्या माणसाला वाटावं, रोहा म्हणजे काश्मीरच्याही पलीकडे काहीतरी आहे. शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्य असायचं — "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, घाई करून कोण लवकर पोचत नाय." घरीसुद्धा त्याच सुरात "वरण-भात पानात लागलेला आहे" अशी हाक यायची. आम्ही भावंडं हसून लोळायचो. आता तसं कोणी जेवायला बोलवत नाही. मोबाईलवर मिस्ड कॉल येतो.

नाना रिटायर झाले आणि थोड्याच काळात अर्धांगवायूचा झटका आला. पाय ओढत का होईना, काठीच्या आधाराने चालायला लागले. पण आवाज गेला तो गेलाच. समजायचं सगळं, तोंडातून 'अं' पलीकडे काही निघायचं नाही. आई त्यांच्याशी पूर्वीसारखीच भांडायची. फक्त आता दोन्ही बाजूंनी तिलाच बोलावं लागायचं.

त्या दिवशी नानांना पेणला डॉक्टरांना दाखवून आम्ही तिघं परत निघालो होतो. मे महिना, स्टँडवर लग्नांची गर्दी. नानांना बाकावर बसवलं, शेजारी आई. तेवढ्यात एक गाडी आत वळली. कोणीतरी म्हणालं रोहा, आणि मी धावलो! खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं... या एका खेळात मी सहज जिल्हा पातळीपर्यंत गेलो असतो. रुमाल बरोबर सीटवर पडला, आणि कंडक्टरने पाटी बदलली — अलिबाग. रुमाल आणायला आत शिरलो, तर त्यावर एक गृहस्थ ऐसपैस बसलेले. त्यांना उठवून, चार शब्द ऐकून परत आलो, तर बाक रिकामा.

समोरून आई येत होती, पदराला हात पुसत.

"हे कुठायत?"

"तुझ्याबरोबर ना?"

"माझ्याबरोबर? बायकांच्या संडासात?"

आईला वाटलं ते माझ्याबरोबर गाडीकडे गेले. मला वाटलं होतं आई तिथेच बसलीय. दोघांचे चेहरे एकदमच उतरले. नाव विचारलं तर सांगता न येणारा माणूस. चुकून रामवाडीकडे, हायवेला लागला तर? चुकीच्या गाडीत चढून कुठल्या कुठे गेला तर? कोणाला सांगणार होते ते, की मी वरशाचा?

मी उपाहारगृह बघितलं, रसवंती बघितली, मुतारी बघितली. आई फलाटावर उभी राहून हाका मारत होती, "अहो! अहो!" स्टँडवरचे सगळे नवरे वळून बघत होते, आमचे सोडून. मग ती थांबली. पदर तोंडाशी धरला, सोडला, आणि मोठ्यांदा ओरडली, "दत्तारामऽऽ!"

आईने नानांचं नाव घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मी खरा घाबरलो.

धावत कंट्रोलरच्या खिडकीशी गेलो. "साहेब, माईकवरून जरा सांगा ना—"

"काय सांगू? लाईट गेली की आत्ताच." त्यांच्या डोक्यावरचा पंखा थांबलेला. पलीकडे रसवाल्याचं मशीन ऊस अर्धा गिळून बंद पडलेलं.

आणि भोंगा बोलला.

"पेणहून नागोठणे, निडीमार्गे रोह्यालाऽऽ जाणारी गाडी, मागच्या भिंतीजवळ उभी आहे... उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, घाई करून कोण लवकर पोचत नाय."

मी कंट्रोलरच्या तोंडाकडे बघत होतो. ते बंद होतं, गालात पान. ते वर भोंग्याकडे बघत होते. माझ्यामागे सुक्या मासळीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी मात्र उठली, आणि सुनेला म्हणाली, "चल गो, गाडी मागं लागलीय. बसलीस काय!"

भिंतीजवळ खरंच एक गाडी होती. ना पाटी, ना ड्रायव्हर, ना कंडक्टर. रोह्याची म्हणून ओळखायला काहीच नाही. आत पुढच्या सीटवर, खिडकीशी नाना. काठी गुडघ्यांत. एसटीच्या पायऱ्या चढताना मागून मी ढकलल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नसे. ते वर कसे चढले, तेही मला माहीत नाही.

आता तुमचे प्रश्न. टेप? नव्हती, मी विचारलं. बॅटरी? नव्हती. भास? भोंगा ऐकून गाडी भरली होती हो! रोह्याची पाटी तर मागाहून लागली. म्हातारीला विचारलं तर तीच माझ्यावर उखडली, "भोंग्यात बोलला नाय काय? मंग आमी काय सपनात चढलो?" कंट्रोलर गाडीपाशी आले, नानांना बघितलं, हात जोडले आणि मला म्हणाले, "मला काय विचारू नका. मला इथंच ड्युटी करायचीय."

 वडखळ आलं तेव्हा आई नानांकडे न बघताच म्हणाली, "अख्ख्या स्टँडला सांगता आलं."



पुढे नाना चार-पाच वर्षं होते. एक शब्द बोलले नाहीत. इलेक्ट्रिकवाले, डॉक्टर, एक बुवासुद्धा... माझं सगळ्यांना विचारून झालं. खुलासा नाही. आईने मात्र तो कधी शोधलाच नाही. मी विषय काढला की म्हणायची, "आवाज कुठनं आला ते तू बघत बस. मी चारचौघांत यांचं नाव घेतलं. यांनी गाडीचं घेतलं, नागोठण्याचं घेतलं, निडीचंसुद्धा घेतलं. माझं का नाय घेतलं?"