कडी न लावलेलं दार

चुलतदीर भीमराव निरोप घेऊन सकाळच्या एस.टी.ने परभणीला आला, तेव्हा मी शाळेला निघायच्या घाईत होते. तो उंबऱ्यातच उभा राहिला. "वहिनी, काका..." एवढं म्हणाला आणि पुढे भलतंच बोलला, "बाज घरी नव्हती वो." परक्या माणसाला यातून काही कळलं नसतं. मला सगळं कळलं. माझे सासरे ग्यानोबा, ज्यांना मी मामा म्हणायचे, गेले होते; आणि त्यांच्या घरातली एकुलती एक बाज त्या वेळीही दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला गेली होती. याला आता महिना उलटून गेला. पण ते वाक्य अजून कानातून जात नाही.

आमचं गाव हट्ट्याच्या सडकेपासून बरंच आत. काळी जमीन, पावसाळ्यात गाडीची चाकं कण्यापर्यंत रुततात. आजारी माणसाला बाजेवर निजवायचं, खाली आडवे बांबू बांधायचे आणि चौघांनी खांदा देत सडक गाठायची. तिथून ट्रक मिळो, एस.टी. मिळो, वसमतचा दवाखाना. बाजा घरोघरी होत्या, पण झोळ पडलेल्या. मामांची बाज बाभळीच्या खुरांची, अंबाडीच्या दोरीने ताठ विणलेली. कुणी न्यायला आलं की मामा पुढ्यातलं ताट सरकवून उठायचे, वेशीपर्यंतचा पहिला खांदा त्यांचाच. बाज उचलताना शब्द ठरलेले: "डोक्याकडून उंच धरा. अन् घाई करू नका, पाय पाहून टाका." आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला. एरवी तिकडे न फिरकणारी वरच्या आळीची माणसंही बाजेसाठी अंगणात येऊन उभी राहायची. मी एकदा त्यावरून कुजकट बोलले, तर मामा हसून म्हणाले, "आजारी माणसाला ताप असतो पोरी, जात न्हाई."

लग्न होऊन आले तेव्हा मला या बाजेचा रागच होता. आम्ही सगळे भुईवर निजायचो, कारण बाज कधी घरी असेल याचा भरवसा नव्हता. "घरातली पाव्हणी कोण, तर बाज!" असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येताजाता म्हणायच्या. वर दाराला आतून कडी लावायची नाही, हा मामांचा कायदा. बाज न्यायला आलेल्या माणसाला दार ठोठावत उभं राहावं लागू नये म्हणून! पण याच माणसाचा घरात जीव किती होता ते पाहिलं की राग टिकायचा नाही. सकाळी उठून आत्याबाईंसाठी चहा तेच टाकायचे. गडीमाणसं त्यांना बायकोचा बैल म्हणायची. "बैल तर बैल, बसून चहा तर भेटतो," म्हणायचे. माझी डी.एड.ची पुस्तकं भिजू नयेत म्हणून त्यांनी स्वतःचे कपडे ठेवायची पत्र्याची पेटी मला रिकामी करून दिली आणि आपलं धोतर खुंटीवर टांगलं ते कायमचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या पावसाळ्यात आभाळाने सगळी कसर भरून काढली. मला दिवस भरले होते, नवरा नोकरीवर परभणीला. त्या सकाळी वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला त्याची पोरं बाजेवर घालून घेऊन गेली आणि दुपारी माझं पोट दुखायला लागलं. सुईण आली, तिने पाहिलं आणि मान हलवली. लेकरू आडवं होतं. आत्याबाई मामांवर तुटून पडल्या, "घरची सून दिवसांत, अन् बाज काहून दिली? म्हाताऱ्याचं वय झालंतं!" मामांनी इकडेतिकडे पाहिलं, मग दारापाशी गेले आणि ते जुनं सागवानी दार खाली वाकून, खांद्याने रेटून खुंट्यांवरून उचलून काढलं. त्यावर वाकळ अंथरली, मला निजवलं, वस्तीतल्या गड्यांना खांद्याला बोलावलं. माझा हात धरून दाराच्या कडीवर ठेवला. "ही धर घट्ट. घरची कडी हाये, सुटायची न्हाई."

त्या वाटेतलं मला फार आठवत नाही... चिखलात रुतणारे पाय, तोंडावरून ओघळणारा पाऊस आणि मुठीतली ती गार कडी. ओढ्यापाशी म्हाताऱ्याची पोरं, त्याला सडकेवर ट्रकात चढवून, रिकामी बाज घेऊन परत येताना भेटली. आत्याबाई ओरडल्या, "हिला बाजेवर घ्या!" मामा म्हणाले, "आता तिला हलवू नका." त्या पोरांनी बाज बांधावर टेकवली आणि दाराखाली खांदे दिले. बाकीचे आळीपाळीने खांदा बदलत होते. मामांनी मात्र माझ्या डोक्याकडची जागा सडक येईपर्यंत कुणाला दिली नाही. वसमतला मुलगी झाली. मामांच्या खांद्याची साल निघाली होती आणि हा माणूस लेकराकडे पाहून हसत होता, "दार घेऊनच आली माझी माय!" त्यांच्याबद्दल मला आदर होता असं म्हणणं तोकडं होईल. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहताना मला भीती वाटावी इतकं थक्क व्हायला झालं. माणूस इतका मोठा असतो आणि आपल्याच घरात धोतर खुंटीला टांगून राहतो!

पाण्याने फुगलेलं दार चौकटीत बसेना. मामांनी खालून तासलं, तर बोटभर फट पडली. "विंचूकाटा येईल, नवं करा," मी म्हटलं. "पुन्ना काढायचं काम पडलं तर?" म्हणून त्यांनी ते तसंच, सहज उचलता येईल असं ठेवलं.

काम पडलं, ते इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, त्यांच्याचसाठी. दोर वळता वळता त्यांच्या छातीत कळ आली. बाज आदल्या दिवशी एका मजुराच्या बाळंतपणाला अडलेल्या बायकोला घेऊन गेली होती. भीमरावाने दार काढलं. ओढ्यापाशी मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "थांबा रे, खांदा बदला. दमले असाल." पुढे काही बोलले नाहीत. भीमराव सांगत होता, हात कडीवरच होता.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मजूर बाज डोक्यावर घेऊन आला. अंगणात उभा राहिला, मान वर करेना. सगळे आत्याबाईंकडे पाहू लागले. आयुष्यभर त्या बाजेला शिव्या घातलेली ही बाई आता काय बोलेल, या धास्तीने मी त्यांच्या शेजारी सरकले. त्या उठून त्याच्यापुढे आल्या.

"बायको कशी हाये?"

"बरी हाये, माय. पोरगं झालं."

"ठिव. भिंतीला उभी कर."

नंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी मी परत निघायच्या तयारीत होते, तर वरच्या आळीचा एक गडी आला आणि दुखवट्याचं घर म्हणून फाटकाशीच घुटमळला. कशाला आलाय ते विचारावं लागलं नाही. तो मागे वळणार तेवढ्यात आत्याबाई उठल्या. भिंतीला उभी केलेली बाज त्यांनी स्वतः ओढत अंगणात आणली, दोर दाबून पाहिला आणि त्याला म्हणाल्या, "डोक्याकडून उंच धरा. अन् घाई करू नका..." इथे त्यांनी एक खूर उचलून त्याच्या हाती दिला. मग म्हणाल्या, "पाय पाहून टाका."

बाज डोक्यावर घेऊन तो वळणावर दिसेनासा झाला. भीमरावाने पुन्हा बसवलेलं दार मी लोटलं, ते नेहमीसारखं कुरकुरलं, आणि शहराच्या सवयीने माझा हात कडीकडे गेला.

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "कुणी येईल."