कापसाच्या शेतातलं फुकटचं चालणं

या दिवाळीत घरी गेले तेव्हा राळेगावजवळच्या आमच्या शेतात एक प्रयोग केला... दोनच दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात लीनचं काम बघते. म्हणजे लाईनवर माणसाचं विनाकारण चालणं, वाकणं, थांबणं कुठे होतं ते शोधायचं आणि कमी करायचं. सवयीनं घरीही तेच डोळ्यांत भरतं.

कापूस फुटून आला होता. आईनं मोठ्या मुश्किलीनं वेचणीला आठ बायका जमवल्या होत्या. कमरेला बांधलेली ओटी भरली की प्रत्येकजण पार धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत जायची, ताडपत्रीवर कापूस ओतायची, पाणी प्यायची आणि हळूहळू परत यायची. मी मोबाईलवर वेळ मोजला... निम्मा वेळ फुकट, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेताच्या मध्येच तीन ताडपत्र्या टाकल्या, शेजारी पाण्याच्या कॅन ठेवल्या. संध्याकाळी वजन नेहमीपेक्षा बरंच जास्त भरलं. मजुरी वजनावर असते, त्यामुळे फायदा त्यांचाही होता. मी खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघीच आल्या.

आई सारखी आभाळाकडे बघत होती. पाऊस आला असता तर झाडावरचा कापूस भिजला असता. मी सरळ शांतामावशीच्या घरी गेले. ही आमच्याकडे वर्षानुवर्षं वेचणीला येते. बाजेवर पडून होती.

"कंबर धरली वं माही," ती म्हणाली.

"पण मावशी, चालणं तर वाचलं ना तुमचं?"

"चालनं वाचलं, पन कंबर सिधी कराची जागाबी गेली ना पोरी. पह्यले धुऱ्यावर उभ्यानं जात होतो. आता वाकल्या वाकल्या भरा, अन् वाकल्या वाकल्या रिकामी करा... तू एक दिवस बांधून पाह्य ना वटी."

ताडपत्री पुन्हा धुऱ्यावर नेली आणि घरोघरी जाऊन तसं सांगून आले. चौथ्या दिवशी शांतामावशी सोडून सगळ्या आल्या. त्यांच्यासोबत मीही ओटी बांधली. दुपारपर्यंत माझी पाठ अशी भरून आली की ओटी अर्धी असतानाच मी धुऱ्याकडे निघाले... मुद्दाम सावकाश. कुणी हसलं नाही.

कापूस पावसाआधी घरात आला. शांतामावशीही दोन दिवसांनी कामावर आली. मी माफी मागितली, तर तिला त्याचंच हसू आलं.

आता परत ड्युटीवर आहे. लाईनवरचे एक काका दर थोड्या वेळानं उठून समोरच्या रॅकमधून बोल्ट आणतात. माझ्या शीटमध्ये त्या फेरीवर लाल खूण आहे, आणि रॅक त्यांच्या हाताशी आणायचा प्लॅनही मंजूर झालाय.

उद्या आधी त्यांच्याशी बोलणार आहे... आणि एक शिफ्ट त्यांच्या जागी उभी राहणार आहे.