प्रार्थनेच्या नावाखाली

सावेताची आई वारली आणि त्याच वसंतात सावेताचे केस गळायला लागले. आधी कानामागे बोटभर चट्टा पडला, मग टाळूवर दुसरा. गवत कापणीचे दिवस येईपर्यंत डोक्यावर एक केस उरला नव्हता. सुचावा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, केस परत येतील किंवा येणारही नाहीत.

गावात कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय देवासमोर उभ्या राहत नाहीत, आणि पस्तिशी उलटलेली बाई तो घरीदारीही सोडत नाही. सावेता छत्तीसची होती, बिनलग्नाची. शिवणकाम करायची. गायनवृंदातल्या सगळ्या बायांचे पांढरे झगे तिनेच शिवलेले, आणि मापं घेताना ती प्रत्येकीची थट्टा करायची. "राहेला, गेल्या वर्षीपेक्षा दोन बोटं वाढलीस. चीज कमी खा, नाहीतर कापड शेजारच्या गावातून मागवावं लागेल," असं मला चारचौघींत म्हणाली होती. पण त्या उन्हाळ्यात तिची थट्टा बंद झाली. गाताना ती मान खाली घालून गायला लागली.

तिने आपलं दुखणं एकीलाच सांगितलं, दोम्निकाला. दोम्निका म्हणजे आमच्या पाळकांची बायको आणि सावेताची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघी दोम्निकाच्या अंगणात आलुबुखाराचा मुरंबा घोटत होत्या, तेव्हा सावेताने रुमाल सोडून दाखवला.

"कुणाला सांगायचं नाही. तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही."

"अगं, मी काय रेडिओ आहे का?" दोम्निका म्हणाली, आणि हातातला लाकडी डाव तसाच सोडून तिला मिठीत घेतलं.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी दोघी दोम्निकाच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून प्रार्थना करायच्या. सावेता तिथे मनातलं सगळं ओतायची. आरशाला चादर घातलीय. देवाने मला कोंबडीसारखं सोललंय. माझे केस त्याने मोजून ठेवलेत असं शास्त्रात लिहिलंय, आता त्याला मोजायला काय उरलं? अशा बाईची त्याला काय गरज? दोम्निका ऐकून घ्यायची आणि मग तिच्यासाठी प्रार्थना करायची. दोम्निकाची प्रार्थना खरंच सुंदर असते, हे मी आजही नाकारणार नाही. तिथून घरी जाताना हलकं वाटायचं, असं सावेताने मला पुढे एकदा सांगितलं. तेवढंच.

ऑक्टोबरात दुसऱ्या गावचा एक उपदेशक आमच्याकडे येणार होता. त्याने डोक्यावर हात ठेवला की लोक बरे होतात, अशी ख्याती होती. तो येण्याआधीच्या शुक्रवारी दोम्निका मला दुकानाच्या पायरीवर भेटली.

"राहेला, तुझ्यापाशीच ठेव हं. मी फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय," म्हणाली, आणि सगळं सांगितलं. रुमालाखाली काय आहे ते, आरशावरच्या चादरीचं, कोंबडीचं, सगळं.

आमच्याकडे बातमी अशीच फिरते. चहाडी म्हटलं तर पाप लागतं, प्रार्थनेसाठी म्हटलं तर पुण्य. मी "अरेरे" म्हटलं, मीठ घेतलं आणि घरी आले. सावेताचं घर माझ्या वाटेवरच होतं. मी थांबले नाही.

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. उपदेश झाला आणि पाहुण्याने विचारलं, कुणाला बरं व्हायचंय? एक म्हातारा गुडघ्यासाठी पुढे गेला. मग दोम्निका उठली. "बंधू, आमच्यात एक बहीण आहे. कित्येक महिने रुमालाखाली दुःख लपवतेय. सावेता, ये गं पुढे. प्रभूसमोर कसली लाज?"

दीडशे माना वळल्या. सावेता गायनवृंदात दुसऱ्या रांगेत होती. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून असेल, ती उठली आणि पुढे गेली. पाहुण्याने डोक्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी उघडली. "तेल कापडाला लावू का, बहिणी? विश्वास असेल तर रुमाल काढ."

सावेताने दोन्ही हातांनी हनुवटीखालची गाठ घट्ट धरली. पाहुण्याने दोम्निकाकडे पाहिलं. दोम्निका पुढे झाली, सावेताची बोटं हळूच बाजूला केली, अगदी मायेने, आणि गाठ सोडली.

सभागृहात एक आवाज झाला. शब्द नव्हता तो, पण तो आवाज आमच्या सगळ्यांचा होता, माझाही. मग तेल लागलं, सगळे मोठमोठ्याने प्रार्थना करायला लागले, आणि ती बरी झाल्याचं पाहुण्याने जाहीर केलं. सावेताने जमिनीवर पडलेला रुमाल उचलला. तो बांधला नाही. चार घड्या घालून हातात धरला आणि मधल्या वाटेने, उघड्या डोक्याने, तेल कपाळावर ओघळत असताना दाराबाहेर निघून गेली.

संध्याकाळच्या आत दोम्निका सावेताच्या फाटकाशी गेली. आम्हा शेजारणींना सगळं ऐकू येत होतं.

"मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं!"

"तू गाठ सोडलीस," सावेता आतून म्हणाली.

"पण तू बरी झाली असतीस! तुझा विश्वासच कमी पडला, सावेता."

"गाठ तू सोडलीस," सावेता पुन्हा म्हणाली, आणि दार लावलं.

केस आले नाहीत. मंडळीत कुजबूज सुरू झाली की तिच्या मनात काहीतरी पाप दडलं असेल. सावेता हिवाळाभर उपासनेला आली नाही. लोक शिवायचे कपडे फाटकाला अडकवून जायचे. जानेवारीत मी एक कोट घेऊन थेट आत गेले, आणि मला आधीपासून माहीत होतं हे सांगून टाकलं.

"कधीपासून?"

"त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारपासून."

"म्हणजे मला सांगायला दोन दिवस होते तुझ्याकडे." तिने मशीन थांबवलं नाही. "कोटाला अस्तर नवं घालायचं की जुनंच?"

मला तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या सासूबाई, आग्लाया, तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. पाय गेल्यामुळे चार वर्षं सभागृहात गेल्या नव्हत्या. फेब्रुवारीत त्यांनी हट्ट धरला, मला पुरतील तेव्हा अंगात घालायचा झगा शिवायचाय, सावेताला बोलवा. सावेता आली. मी चुलीपाशी होते, दार उघडं होतं. मापं घेऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काढ तो रुमाल. मला बघू दे."

"मावशी, बरं करायची प्रार्थना नको."

"कोण करतंय? तेलाची कुपी आहे का माझ्याकडे?"

कापड सरकल्याचा आवाज झाला. मग सासूबाईंचा आवाज आला. बहिऱ्या शेजाऱ्याशी बोलावं तसा मोठा, साधा.

"प्रभू, ही सावेता. तुझ्या घरात, तुझ्याच माणसांनी हिला उघडं पाडलं, आणि तू बघत होतास. त्याचा जाब हिला तूच दे. तोवर एवढं कर, ही तुझी लेक आहे हे हिला विसरू देऊ नकोस. केस होते तेव्हा होती, आता आहे, उद्याही असेल. आणि माझा झगा नीट शिवला जाऊ दे, पण मला घाई नाही. आमेन."

सावेता फिसकन हसली. आणि मग रडायला लागली, लहान मूल रडतं तशी. सासूबाई म्हणत होत्या, "लाज तुझी नव्हेच गं, पोरी. ज्याची आहे त्याच्या दारात नेऊन ठेव. तू कशाला कडेवर घेऊन फिरतेस?"

त्यानंतर ती दर आठवड्याला आमच्याकडे यायला लागली. झगा शिवून झाला तरी यायची. घरी तिने आरशावरची चादर काढली, हे सासूबाईंनी मला सांगितलं नाही. मीच खिडकीतून पाहिलं.

ईस्टरला ती सभागृहात आली आणि शेवटच्या बाकावर बसली. पाळकांनी विचारलं, कुणाला प्रार्थनेसाठी काही सांगायचंय? सावेता उठली. डोक्याला निळा रुमाल होता.

"माझे केस आलेले नाहीत," ती म्हणाली. "मी पाप केलं म्हणून नाही, आणि विश्वास कमी पडला म्हणूनही नाही. मी केसांसाठी आता प्रार्थना करत नाही. तुमच्यासाठी करते. एकीने देवाच्या कानात सांगितलेलं दुसऱ्या कुणाच्या कानात जाऊ नये, एवढंच मागते." आणि खाली बसली.

पाळकांनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी गीत सुरू केलं.

बाहेर पायऱ्यांवर दोम्निका रडत तिच्या गळ्यात पडली. सावेताने तिला ढकललं नाही.

"मी तुला माफ केलंय," ती म्हणाली. "रोज सकाळी नव्याने करावं लागतं, म्हणून दमते. पण गुरुवारी मी येणार नाही."

ती गेलीही नाही. दोघी आजही एका बाकावर बसतात, एकमेकींना "प्रभूची शांती" म्हणून अभिवादन करतात, आणि त्यापलीकडे एक शब्दही नाही. सासूबाई त्या झग्यात तीन वर्षांनी गेल्या. सावेताच्या टाळूवर एकदा पांढरी लव आली होती, तीही पुढे गळली.

गेल्या शरदात माझ्या छातीत गाठ लागली. तपासणीचा निकाल यायला दोन आठवडे होते आणि नवऱ्याला सांगायचा मला धीर होत नव्हता. कुणाकडे जाणार? मंडळीतल्या सगळ्या बहिणी मनात आणून पाहिल्या. मग सावेताचं दार वाजवलं. तिने मला बसवलं, माझा हात धरला आणि दोन्ही आठवडे रोज माझ्यासोबत प्रार्थना केली. निकाल चांगला आला. तो मी स्वतः सांगेपर्यंत गावात कुणाला कळलंही नव्हतं.

पण गुरुवारांबद्दलचं ते एक वाक्य सोडलं, तर तिने स्वतःचं असं काहीही मला आजवर सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही.